काचेची बाजू

प्रयोगशाळेच्या दाराशी एका खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही लटकत असे. तिला चुकांची वही म्हणत. प्रयोगशाळा सुरू झाली त्याच आठवड्यात सरांनी ती टांगली होती आणि नियमही सांगून ठेवला होता. ज्याच्या हातून चूक होईल त्याने तारीख टाकून काय झालं ते दोन ओळींत लिहायचं आणि खाली सही करायची. शिक्षा नाही, बोलणी नाहीत. दुसऱ्याची नोंद वाचायची नाही. वर्षअखेरीला सर एकटे वही चाळत आणि चहाच्या वेळी फक्त आकडे जाहीर करत.

आकडे ऐकायला ताई मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसायची.

"यंदा माझ्या तीन," सर सांगायचे. "मुलांच्या मिळून बारा. ताईंची शून्य."

बावीस वर्षं हेच. मुलं यायची, पदव्या घेऊन जायची, शून्य तिथंच होतं. पाहुणे आले की सर ओळख करून द्यायचे, "या आमच्या ताई. वहीत एकही नोंद नाही." पाहुणे वहीकडे बघत, मग ताईकडे बघत, आणि ताई खाली मान घालून हातमोजे चढवायची. चढवलेले असले तरी काढून पुन्हा चढवायची. पाहुण्यांचं कौतुक पुरतं होईपर्यंत वेळ काढायला नको का!

सरांच्या नोंदी मात्र एव्हाना एक्केचाळीस झाल्या होत्या. ताईला त्याचं नवल वाटायचं नाही. चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलाखाली शोधणारा माणूस. दशांशचिन्ह एक घर सरकवून सगळ्यांना दोन दिवस आनंदात ठेवणारा माणूस. "सर, यंदा पन्नाशी गाठणार बघा," ती म्हणायची, आणि सर हसून म्हणायचे, "प्रयत्न चालू आहे."

ताईचं काम पापुद्रे ओतायचं. म्हणजे काय, ते एकदाचं सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हायड्रोजनवर वीज करणारी एक पेटी असते. तिच्या पोटात केसाइतक्या जाडीचा, प्लॅस्टिकसारखा दिसणारा एक पापुद्रा. त्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. हायड्रोजनचे प्रोटॉन पापुद्र्यातून पलीकडे जातात आणि जाताना पापुद्र्यातलं पाणीही सोबत ओढून नेतात. पापुद्रा ओला आहे तोवर सगळं छान. हायड्रोजनच्या बाजूने तो वाळायला लागला की पेटी रुसते. म्हणून सर गेली दहा वर्षं त्यात निरनिराळ्या भुकट्या घालून बघत होते. पाणी धरून ठेवणाऱ्या भुकट्या, आणि इतक्या बारीक की चिमटीतले कण मोजायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. कागदोपत्री त्यांना नॅनोकण म्हणत. ताई भुकटीच म्हणायची.

काम असं. द्रावणात भुकटी मिसळायची. डास कानाशी आल्यासारखा आवाज करणाऱ्या यंत्रात बाटली अर्धा तास हलवायची. लेव्हल लावून सपाट केलेल्या काचेवर ते ओतायचं आणि पोलादी पट्टी एका श्वासात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची. मध्ये श्वास घेतला तर पापुद्र्यावर रेघ उठते. ताई घेत नसे. मग काच रात्रभर साठ अंशांच्या ओव्हनमध्ये, आणि सकाळी पापुद्रा अलगद सोलायचा. हे सगळं एका डुगडुगत्या टेबलावर चालायचं. टेबल तिरकं आहे म्हणून सरांनी पहिल्याच महिन्यात सुताराला बोलावून टेबलाचा एक पाय तासून घेतला होता, आणि तेव्हापासून त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. सुतार असा काय मिळाला होता कोण जाणे.

पापुद्र्याला दोन बाजू असतात, काचेची आणि हवेची. एकदा भिजला की दिसायला दोन्ही सारख्याच, ताईसुद्धा ओळखू शकत नसे. म्हणून सोलल्या सोलल्या खूण करायची. आयताकृती तुकडा लांबी उभी येईल असा टेबलावर ठेवायचा, काचेची बाजू खाली, आणि वरचा उजवा कोपरा कातरायचा. पुढे पेटीत बसवणाऱ्याने त्या कोपऱ्यावर भरवसा ठेवायचा. काचेची बाजू नेहमी हवेच्या अंगाला. का, ते कुणी विचारत नसे. बावीस वर्षांपूर्वी सर तसं म्हणाले होते, एवढं पुरे होतं.

आता बारकीविषयी. ती सरांची संशोधन करणारी विद्यार्थिनी. अंगाने काडी म्हणून ताईने तिचं नाव बारकी पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की दारावरचा पहारेकरीही त्याच नावाने हाक मारायचा. पाच वर्षं झाली होती तिला. घरी वडील विचारायचे, "अजून किती?" ती सांगायची, "झालंच." पाच वर्षं तेच. ताईच्या डब्यातली भाजी पहिली हिच्या तोंडात जायची. तिला खोटं बोलता येत नसे. यायला हवं होतं खरं तर, पण नाही यायचं. चेहरा आधीच सगळं सांगून मोकळा व्हायचा.

सतरा नंबरचा पापुद्रा हिच्यासाठीच ओतलेला. तीन टक्के भुकटी, बाकी सगळं नेहमीचं. सकाळी काच ओव्हनमधून काढली तर पापुद्रा गच्च चिकटलेला. ताई कोरडा सोलायला गेली तर निम्मा फाटला. उरलेला निम्मा वाचवायचा म्हणून ताईने काच पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवली. पाण्यात ठेवलं की पापुद्रा आपोआप सुटून वर तरंगतो. हातात चिमटा घेऊन ती वाट बघत उभी होती, तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा. ती जरा बाजूला झाली, दोन मिनिटं बोलली, परत येऊन तरंगता पापुद्रा उचलला, कोपरा कातरला आणि बारकीच्या हवाली केला.

बारकीने तो पेटीत बसवला आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्र चालू केलं. हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली. अशा हवेत एका चौरस सेंटिमीटरमागे सहाशे मिलिअँपिअर वीज मिळाली तरी बरं म्हणायचे. सतरा नंबरने नऊशे चाळीस दिले. बारकी यंत्रासमोर एकटीच उभी होती. तिने आधी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. नऊशे चाळीस. मग ती ओरडली.

पेटी उघडताना पापुद्रा चिकटून फाटला, कामातून गेला. पण कुणाला त्याचं फार वाटलं नाही. दुसरा ओतता येईल की! सरांनी आनंदाच्या भरात लेख पाठवला, तो छापूनही आला. त्यानंतर ताईने तसेच सहा ओतले. सहाशे दहा. पाचशे नव्वद. सहाशे पाच. दोन मुद्दाम पाण्यात सोलले, ट्रेवरची नजर न हलवता. तेही तसेच. मग दुसऱ्या एका मोठ्या संस्थेतल्या लोकांनी लेख वाचून स्वतः पापुद्रा केला. त्यांचेही सहाशे. त्यांनी पत्र लिहिलं. पत्र अतिशय सभ्य होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

चौकशी समिती बसली. आकडे ज्या फाइलमध्ये होते ती बारकीच्या संगणकावर, बारकीच्या पासवर्डखाली. मोजणी जेवणाच्या सुट्टीत, खोलीत दुसरं कुणी नाही. पापुद्रा शिल्लक नाही. कुणालाही वाटलं असतं तेच समितीला वाटलं. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "आकडे तुम्ही बदललेत का?" बारकी म्हणाली, "नाही," आणि रडायला लागली. समितीतले दुसरे गृहस्थ काही लिहीत होते, त्यांनी तेही लिहून घेतलं.

शेवटची संधी म्हणून गुरुवार ठरला. समितीसमोर पापुद्रा पेटीत बसवायचा आणि मोजायचा. आला आकडा तर ठीक. नाही आला तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात, आणि नावापुढे कायमचं 'आकडे बनवणारी'.

"ताई, मी खरंच काही केलं नाही हो," बारकी म्हणाली.

"मला सांगतेस? तुला साधा डब्यातला लाडूसुद्धा चोरून खाता येत नाही," ताई म्हणाली. पण झोप तिचीही उडाली होती.

मग रविवार आला. ताईचा नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली आणि आता तिकिटं जमवत होता. रविवारी दुपारी जुन्या पाकिटांचे तुकडे बशीभर पाण्यात टाकायचे, तिकीट सुटून वर आलं की चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलायचं, टीपकागदावर ठेवायचं. तो चिमटा गेलं वर्षभर सापडत नव्हता. सध्या तो भुवया कोरायच्या चिमट्यावर भागवत होता आणि दर तिकिटामागे एकदा तसं बोलून दाखवत होता.

"तिकीट फाटलं ना पुन्हा. माझा चिमटा असता तर..."

"आता पुरे हो त्या चिमट्याचं," ताई म्हणाली.

चिमटा कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. प्रयोगशाळेत, तिच्या खणात. पापुद्रा उचलायला त्याच्यासारखी वस्तू नाही. एके सकाळी तिने तो पर्समध्ये टाकला, आज परत करू, उद्या करू, करता करता वर्ष झालं.

नवरा दूधवाल्याचे पैसे द्यायला दारापर्यंत गेला आणि परत येऊन बशीत बघून म्हणाला, "हे बघ. पुन्हा पालथं."

"काय पालथं?"

"तिकीट गं. चित्र वर होतं, आता डिंकाची बाजू वर. सुटताना कडा वळते आणि आपोआप कूस बदलतं. समोर असलो की बोटाने दाबून धरतो. जरा पाठ वळली की झालं."

ताई लसूण सोलत होती. ती थांबली. मग तिने हातातली पाकळी टरफलात टाकली आणि टरफल भांड्यात.

"सगळी उलटतात?"

"सगळी कशी उलटतील? दहातलं एखादं. काय झालं तुला?"

काय झालं होतं ते तिला लख्ख दिसत होतं. ट्रेमध्ये सतरा नंबर सुटत होता आणि ती पाठ करून फोनवर बोलत होती. नवऱ्याने विचारलं होतं, "माझा चिमटा तू नेलास का?" ती म्हणाली होती, "मी कशाला नेऊ? नीट शोधा." हातात चिमटा धरून. आणि मागे पापुद्र्याने कूस बदलली होती. मग तिने येऊन, नेहमीसारखाच हवेची बाजू वर आहे असं धरून, कोपरा कातरला. बारकीने कोपऱ्यावर भरवसा ठेवला. सतरा नंबर पेटीत उलटा बसला.

बाकीचं तिने सोमवारी सकाळी चाचपून घेतलं. भुकटी जड असते. काचेवर रात्रभर वाळताना ती खाली बसते, वरणाच्या तळाशी डाळ बसावी तशी. म्हणजे पाणी धरणारं सगळं काचेच्या बाजूला. आणि बावीस वर्षं ती बाजू नेमाने हवेकडे, जिथे पाणी तसंही भरपूर. वाळते ती हायड्रोजनची बाजू. सतरा नंबर उलटा बसला आणि पाणी धरणारं अंग पाणी हवं त्या जागी गेलं. इतकं साधं. बाराखडीइतकं साधं, आणि दहा वर्षं भुकट्या बदलत बसलो, असं तिच्या मनात आलं. पण तिला त्याचा राग आला नाही. तिला एकच गोष्ट दिसत होती. दाराशी खिळ्याला लटकलेली वही.

सांगावं तर शून्य गेलं. ते काही कुणाच्या दृष्टीने मोठं नव्हतं, मान्य. पण ताईकडे दुसरं काय होतं? पदवी नाही, लेखावर नाव नाही. एक शून्य होतं, ते बावीस वर्षं जपलेलं. आणि न सांगून भागत असेल तर? गुरुवारी गपचूप उलट कोपरा कातरायचा. पापुद्रा उलटा बसेल, नऊशे चाळीस येतील, बारकी सुटेल. कुणाचंच काही जाणार नाही. मंगळवारी, बुधवारी तिने हा बेत चारही अंगांनी तपासला आणि तिला त्यात खोट सापडली नाही. माणसाला आपल्या सोयीच्या बेतात सापडत नाहीच.

गुरुवारी समिती आली. ताईने त्यांच्यासमोर पापुद्रा सोलला, कोरडा, अखंड. त्याचे दोन तुकडे केले, एक मोजायला, एक राखीव. पहिल्याचा डावा कोपरा कातरला, राखीवाचा नेहमीचा उजवा. तिन्ही सभासद तिच्या हाताकडेच बघत होते, आणि डावं काय नि उजवं काय, त्यांना त्याचं काही नव्हतं. बारकी घाईत होती, तिच्याही लक्षात आलं नाही. तिने कोपरा पाहिला, भरवसा ठेवला, तुकडा बसवला. दोन तास पेटी गरम होत राहिली. सर खिडकीशी उभे होते. चष्मा कपाळावर.

आकडा आला. नऊशे पस्तीस.

बारकीने यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. सरांनी टाळी वाजवली, एकच, आणि हात खिशात घातले. ताईने मनात म्हटलं, सुटलो बाबा एकदाचे.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आता एवढं सांगा. मधले सहा का नाही आले?"

बारकीने सरांकडे बघितलं.

"कृती तीच. भुकटी तीच. मग त्या मोठ्या संस्थेत का नाही आलं?" ते बारकीकडे वळले. "तुम्हाला काहीतरी माहीत आहे जे तुम्ही लेखात लिहिलं नाही. हो की नाही?"

"नाही, सर. मला खरंच..."

"मग आज आपोआप आलं? जेवणाच्या सुट्टीत एकदा आपोआप आलं, आणि आज आपोआप आलं?" त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "आज नमुन्यात काय घातलंत ते आम्ही तपासायला पाठवू. तोवर नोंदणी स्थगित ठेवावी लागेल."

बारकीचा चेहरा नेहमीप्रमाणे सगळं सांगत होता. तिला काही म्हणजे काही माहीत नाही, हे त्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की ताईला समितीची कीव आली. आणि मग स्वतःची लाज वाटली. पोरीला वाचवायला निघाले आणि शून्य वाचवत बसले. शी!

"तिला काय विचारता?" ताई म्हणाली. "मला विचारा. मी उलटा लावला."

सगळे वळले.

तिने सगळं सांगितलं. ट्रे, फोन, तिकिटं, तळाशी बसणारी भुकटी. चिमट्याचं सांगताना ती अडखळली, पण तेही सांगितलं. लिहिणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "चिमटा कुणाचा?" ती म्हणाली, "ह्यांचा," आणि त्यांनी तसं लिहिलं.

"आज मुद्दाम उलटा लावला. तो राखीव तुकडा आहे ना, तो नेहमीच्या पद्धतीने लावून बघा. सहाशे येतील. सातशेच्या वर गेला तर माझं नाव बदला."

बारकी तिच्याकडे बघत राहिली. "ताई, तुम्ही मला आधी..."

"नंतर बोल मला काय बोलायचं ते. आधी तुकडा लाव."

बारकीने राखीव तुकडा लावला. पुन्हा दोन तास. समिती चहा प्यायला गेली. ताई दाराशी गेली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने वही खिळ्यावरून उतरवली. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा कात्रीने कापली.

कोरं पान शोधायला म्हणून तिने वही उघडली. दुसऱ्याची नोंद वाचायची नाही हा नियम तिला पाठ होता. पण वही पहिल्याच पानावर उघडली, आणि अक्षर सरांचं, मोठं, वाचायचं नाही म्हटलं तरी डोळ्यात शिरणारं.

'काच लेव्हल न करता ओतलं. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. टेबल सरळच आहे.' खाली तारीख. खाली सरांची सही.

ताईने ते दोनदा वाचलं. तारीख तिच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्याची होती. त्या दिवशी तिने ओतलेला पापुद्रा वाया गेला होता आणि ती हात धुवायच्या खोलीत जाऊन रडली होती. बाहेर आली तेव्हा सर म्हणाले होते, "ताई, टेबल तिरकं आहे हो. सुताराला बोलावतो."

तिने पान उलटलं. 'ओव्हन साठऐवजी एकशे साठवर. चार पापुद्रे करपले.' सरांची सही. तो महिना तिची आई गेली त्याचा. सर म्हणाले होते, ओव्हन म्हातारा झालाय. 'भुकटी दोनदा घातली.' सरांची सही. तेव्हा भुकटीचा डबाच खराब निघाला होता, निदान सर तसं म्हणाले होते. 'पट्टी न पुसता ओढली.' 'बाटलीचं झाकण उघडं राहिलं, द्रावण घट्ट झालं.' सही, सही. सरांनी बावीस वर्षांत एकदाही काच हातात धरली नव्हती. पट्टी कुठल्या खणात असते तेही त्यांना सांगता आलं नसतं.

मधल्या नोंदी खरोखर त्यांच्या होत्या, दशांशचिन्हाच्या वगैरे. त्या सोडून ती ओतकामाच्या तेवढ्या बोटावर मोजत गेली. हाताची बोटं संपली, मग पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. तेरा झाल्या. ती खाली बसली, पुठ्ठ्याची घडी घातलेल्या त्या टेबलापाशी, आणि तासलेल्या पायाकडे बघत राहिली. चांगला सागवानी पाय. त्या सुताराला बावीस वर्षं तिने काय काय म्हटलं होतं!

आत आकडा आला. सहाशे बारा.

समिती पुन्हा बसली, पण फार वेळ नाही. अध्यक्षांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, थोडा वेळ बघितले आणि बारकीला म्हणाले, "तुमच्याविरुद्ध काही उरलेलं नाही. लेखात दुरुस्ती पाठवा. कुठली बाजू कुठे, ते स्पष्ट लिहा." मग जरा थांबून म्हणाले, "मूळ लेखापेक्षा दुरुस्तीच जास्त वाचतील लोक." बारकी पुन्हा रडली. या वेळी ते कुणी लिहून घेतलं नाही.

ताईने वही टेबलावर ठेवली. कोऱ्या पानावर तिने आधीच लिहून आणलं होतं. 'सतरा नंबर पाण्यात सुटत असताना पाठ फिरवली. पापुद्रा उलटला, तपासला नाही, उलट खूण केली. त्या वेळी चिमट्याबद्दल नवऱ्याशी खोटं बोलत होते. आज समितीसमोर मुद्दाम उलट खूण केली आणि सांगितलं नाही. ही वेगळी मोजावी.' सही तेवढी राहिली होती.

सरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, नोंद वाचली. त्यांचा हात खिशाकडे गेला, पेन निघालं, टोपण निघालं आणि त्यांनी वही आपल्याकडे ओढली, वर्षानुवर्षांच्या सवयीचा माणूस ओढतो तशी, काही विचार न करता.

"हात काढा, सर," ताई म्हणाली.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग वहीकडे. कापलेल्या सुतळीकडे. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुम्ही वाचलीत," ते म्हणाले.

"वाचली."

"नियम आहे, वाचायची नाही."

"मग तीही लिहिते की खाली. आणा ते पेन इकडे."

तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं, खाली 'वही वाचली' एवढं लिहिलं आणि सही केली. बावीस वर्षं त्या वहीत न केलेली सही, जरा जास्तच मोठी झाली. अध्यक्ष कागद आवरत होते. जाता जाता चांगलं काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी विचारलं, "बावीस वर्षांत ही पहिलीच म्हणे?"

"हो," सर घाईघाईने म्हणाले. "पहिलीच."

"नाही," ताई म्हणाली. "चौदावी. आजची उलट खूण पंधरावी. आणि वही वाचली ती सोळावी."

तिने पेनाला टोपण लावलं आणि ते सरांच्या खिशात परत खोचलं. मग खण उघडून चिमटा काढला, पुसला आणि पर्समध्ये टाकला.